मिशनसेवेच्या तयारीत विमान चालवण्याचा पहिला धडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बायबल कॉलेजात किंवा मिशनच्या प्रशिक्षणात असलेल्या तरुणांचे आहेत. काही त्यांच्या पाळकांनी विचारलेत, काही आईवडिलांनी. सोपे प्रश्न आधी घेतलेत, गुंतागुंतीचे पुढे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आता सगळीकडे रस्ते झालेत, मोबाइल पोचलेत. मिशनकार्याला विमान अजून कशाला लागतं?

सगळीकडे रस्ते झालेले नाहीत. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात आजही अशी गावं आहेत जिथून जवळच्या दवाखान्यात पायी जायला दिवसच्या दिवस लागतात, आणि विमानाने तोच पल्ला काही मिनिटांत संपतो. काँगो आणि दक्षिण सुदानमध्ये रस्ता असला तरी पावसाळ्यात त्याचा चिखल होतो. दुसऱ्या महायुद्धात विमानं उडवलेल्या काही ख्रिस्ती वैमानिकांनी ही गरज ओळखली आणि १९४५ साली अमेरिकेत एक संस्था उभी केली. तीच आजची मिशन एव्हिएशन फेलोशिप, म्हणजे एमएएफ. पापुआ न्यू गिनीत तिचं काम १९५१ पासून चालू आहे. या विमानांतून अडलेली बाळंतीण जाते, लसी जातात, शाळेच्या छपराचे पत्रे जातात, शिक्षक जातात आणि बायबलचं भाषांतर करणारी माणसंही जातात.

२. पहिल्या धड्यात नेमकं काय काय होतं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ जमिनीवर जातो, आणि तो महत्त्वाचा असतो. आधी इन्स्ट्रक्टर थोडक्यात समजावून सांगतात. मग विमानाभोवती फेरी होते. टायर, ब्रेक, पंखांच्या मागच्या हलत्या फळ्या, प्रोपेलरच्या कडा, इंजिनातलं ऑइल, सगळं हात लावून पाहायचं. पंखाखालच्या छोट्या झडपेतून पारदर्शक नळीत थोडं इंधन काढतात आणि नळी उजेडात धरतात. लहान विमानांत सर्रास वापरलं जाणारं एव्हगॅस १००एलएल फिकट निळं असतं. त्यात पाणी शिरलं असेल तर ते जड असल्यामुळे तळाशी बसतं, आणि निळ्याखाली रंगहीन थेंब वेगळा दिसतो. तो दिसला तर पाणी यायचं थांबेपर्यंत परत परत इंधन काढायचं. ही नळी पहिल्याच दिवशी स्वतःच्या हातात घ्या. एखाद्या दुर्गम धावपट्टीवर ड्रममधून इंधन भरायची वेळ येईल तेव्हा हीच सवय प्रवाशांचा जीव राखेल.

मग टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेणं. जमिनीवर विमान पायांनी वळवतात, हातांनी नाही. गाडी चालवणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो. ते योक, म्हणजे समोरचं स्टिअरिंगसारखं हँडल, फिरवत राहतात आणि विमान सरळच जातं. यात शरमण्यासारखं काही नाही. हात मांडीवर ठेवा आणि फक्त पावलं वापरा.

हवेत गेल्यावर चार मूळ गोष्टी शिकवतात: सरळ आणि एका उंचीवर उडणं, वर चढणं, वळणं आणि खाली उतरणं. पुढचं सगळं उड्डाण या चारांतूनच घडतं. पहिलं वळण डावीकडे घ्याल तेव्हा पंख डावीकडे झुकेल, पण नाक क्षणभर उजवीकडे जाईल. त्या वेळी उजव्या पंखाची फळी खाली गेलेली असते, तिला हवेचा विरोध जास्त होतो आणि ती तो पंख मागे ओढते. म्हणून योकबरोबर त्याच बाजूचा रडरही, म्हणजे शेपटीची उभी फळी हलवणारं पायातलं पेडलही, हलकेच दाबायचा. समोरच्या काचेच्या नळीतली काळी गोळी मधोमध राहिली की समजायचं, हात आणि पाय एकत्र काम करतायत.

ट्रिमच्या चाकाचाही उपयोग लगेच शिकून घ्या. योक सतत ओढून धरावा लागत असेल तर ट्रिम फिरवून तो भार काढून टाकायचा. विमान चांगलं ट्रिम केलेलं असेल तर दोन बोटांनी सांभाळता येतं. नवखा माणूस योक मूठ आवळून धरतो आणि दहा मिनिटांत थकतो.

लँडिंग इन्स्ट्रक्टर करतात. तुमचे हात योकवर हलके ठेवायला सांगतील, म्हणजे ते काय करतायत ते तुम्हाला जाणवेल.

३. विमान खरंच माझ्या हातात देतात का? माझ्याकडून चूक झाली तर?

खरंच देतात. शिकवायच्या विमानात दोन्ही बाजूंना योक किंवा स्टिक आणि रडरचे पेडल असतात, त्यामुळे इन्स्ट्रक्टर कोणत्याही क्षणी ताबा घेऊ शकतात. ताबा देणं-घेणं मोठ्याने बोलून, तीन टप्प्यांत होतं. देणारा सांगतो, ताबा तुमचा. घेणारा म्हणतो, ताबा माझा. देणारा परत म्हणतो, ताबा तुमचा, आणि मगच हात काढतो. दोघांनाही वाटलं की विमान दुसरा चालवतोय, तर ते कुणीच चालवत नसतं. म्हणून हा रिवाज कधीही मोडायचा नाही. इन्स्ट्रक्टरने ताबा मागितला की कारण विचारत बसू नका. आधी सोडा, विचारा नंतर.

४. हवेत इंजिन बंद पडलं तर?

विमान दगडासारखं खाली पडत नाही, तरंगत उतरतं. सेस्ना १७२ चं इंजिन बंद असताना ते एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. जमिनीपासून ३,००० फुटांवर असाल तर वारा नसताना सुमारे आठ किलोमीटरच्या टप्प्यातली मोकळी जागा गाठता येते. पुढच्या धड्यांत हा सराव वारंवार होतो. पहिल्या दिवशी एवढंच करा: अधूनमधून खाली बघून स्वतःला विचारा, आत्ता उतरायचं झालं तर कुठे उतरू?

५. मला उंचीची भीती वाटते. मग हा मार्ग माझा नाही का?

गच्चीच्या कठड्याशी पाय लटपटणाऱ्या बऱ्याच जणांना विमानात तसं काही होत नाही. पायांखाली जमिनीपर्यंत जाणारी भिंत नसते, त्यामुळे डोळ्यांना ती खोली तशी जाणवत नाही. तरी भीती वाटलीच तर इन्स्ट्रक्टरला आधीच सांगा. ते वळणं उथळ ठेवतील आणि पुढे काय होणार ते आधी सांगतील. भीती लपवणाऱ्याचे हात ताठ होतात आणि कान बंद होतात. अशा अवस्थेत काही शिकणं होत नाही.

६. बसमध्येसुद्धा मला मळमळतं. काही उपाय?

सकाळची वेळ घ्या. ऊन वाढलं की तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते आणि लहान विमान हेलकावे खातं. पोट रिकामं नको आणि जडही नको. कॉकपिटमध्ये नजर आतल्या उपकरणांवर न ठेवता बाहेर क्षितिजावर ठेवा. हवेचं छिद्र तोंडाकडे वळवा. मळमळायला लागताच सांगा, उलटी येईपर्यंत थांबू नका. विमान स्वतः चालवताना त्रास कमी होतो, त्यामुळे शांत बसण्यापेक्षा ताबा मागून घेतलेला बरा. बहुतेकांचा हा त्रास काही उड्डाणांनंतर कमी होत जातो.

मळमळीवरच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका आणि घेतली असेल तर इन्स्ट्रक्टरला सांगा. एकट्याने उडवायच्या दिवशी अशी गोळी घेऊन कॉकपिटमध्ये बसताच येत नाही.

सर्दी असेल तर धडा पुढे ढकला. विमान खाली येताना नाक चोंदलेलं असलं तर कानाच्या पडद्यावर दाब येतो आणि तो फार दुखतो.

७. बरोबर काय न्यावं आणि काय नेऊ नये?

पातळ तळव्याचे, पायात घट्ट बसणारे बूट घाला, म्हणजे पेडल जाणवतात. चपला नकोत. गॉगल असेल तर तो पोलराइज्ड नसावा, कारण त्यातून कॉकपिटमधले काही डिजिटल पडदे काळे दिसतात. वही आणि पेन न्या. फोन चेन लावून बंद करता येणाऱ्या खिशात ठेवा. हातातून निसटलेला फोन पेडलखाली अडकला तर रडर दाबता येत नाही. फोटो जमिनीवर उतरल्यावरही काढता येतात. पहिल्या धड्याला मागच्या सीटवर मित्र किंवा घरचं कुणी नको. तुमचं लक्ष त्यांच्याकडे राहील.

८. आधी वजन का विचारतात? जरा कमी सांगितलं तर काय बिघडतं?

बिघडतं. सेस्ना १५२ सारख्या दोन सीटच्या विमानाचं इंधन आणि माणसांसकट एकूण वजन १,६७० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ७५७ किलोंच्या वर जाता कामा नये. टाक्या भरल्यावर दोन धिप्पाड माणसांना जागा उरत नाही, मग इंधन कमी करावं लागतं किंवा मोठं विमान घ्यावं लागतं. जड विमानाला धावपट्टी जास्त लागते आणि ते हळू चढतं. उन्हाळ्यात आणि उंचावरच्या ठिकाणी हवा विरळ असल्याने हा परिणाम आणखी वाढतो.

मिशनच्या विमानात प्रत्येक प्रवाशाला आणि प्रत्येक बोचक्याला काट्यावर ठेवतात, मग तो पाळक असो, डॉक्टर असो की गावचा प्रमुख. बटाट्याचं एक पोतं मागे ठेवावं लागलं म्हणून लोक नाराज होतात, विनवण्या करतात. त्या वेळी पायलटला नाही म्हणता आलं पाहिजे. आपण मनापासून प्रार्थना करणारी माणसं आहोत, पण प्रार्थना केली म्हणून धावपट्टी लांब होत नाही. कपडे, बूट आणि बॅगेसकट खरं वजन सांगणं ही या सेवेतली पहिली शिस्त आहे.

९. पहिल्या धड्याआधी वैद्यकीय तपासणी करावी लागते का?

इन्स्ट्रक्टर सोबत असताना बहुतेक ठिकाणी लागत नाही. अमेरिकेत मेडिकल सर्टिफिकेट एकट्याने उडवण्याआधी लागतं. तरीही पहिला धडा आवडला की दुसऱ्या-तिसऱ्या धड्याच्या आतच तपासणी करून घ्या. आणि शेवटी ज्या दर्जाचं सर्टिफिकेट लागणार आहे, तीच तपासणी करा. मिशन पायलटला व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो आणि त्याचे निकष खाजगी परवान्यापेक्षा कडक असतात. वर्षभर शिकून झाल्यावर अडचण कळण्यापेक्षा सुरुवातीला कळलेली बरी.

१०. मला चष्मा आहे, किंवा रोज एक औषध चालू आहे. मग संपलंच का?

चष्म्याने काही अडत नाही, चष्मा लावून नजर निकषात बसली की झालं. रंग ओळखण्यात अडचण असेल तर जास्त चाचण्या द्याव्या लागतात आणि परवान्यावर बंधनं येऊ शकतात. अपस्माराचा इतिहास, हृदयविकार, इन्सुलिन घ्यावं लागणारा मधुमेह यांची प्रकरणं अवघड असतात आणि वेगळी तपासली जातात.

नैराश्यावरच्या औषधांबद्दल फार जण विचारतात, आणि विचारताना फार संकोचतात. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमानवाहतूक नियामक संस्थेने, २०१० पासून अशी काही ठरावीक औषधं घेणाऱ्यांना कडक देखरेखीखाली परवानगी द्यायला सुरुवात केली. एडीएचडीवरची औषधं मात्र तिथे चालत नाहीत. दोन गोष्टी कळकळीने सांगतो. सर्टिफिकेटसाठी स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. आणि फॉर्मवर काही लपवू नका. फॉर्म भरण्याआधी विमानवैद्यक डॉक्टरांशी फक्त सल्लामसलतीसाठी भेट ठरवा, कारण अर्ज एकदा नाकारला गेला की तो नकार नोंदीत राहतो आणि पुढचे काही सोपे मार्गही बंद होतात. तब्येतीमुळे पायलट होता आलं नाही, तरी मिशन एव्हिएशनमध्ये कामं पुष्कळ आहेत, त्यातल्या मेकॅनिकच्या कामाबद्दल प्रश्न १५ पाहा.

११. पहिल्या धड्याचा वेळ पुढे परवान्यासाठी मोजतात का?

परवानाधारक इन्स्ट्रक्टरने शिकवलं असेल आणि लॉगबुकमध्ये, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, नोंद करून सही केली असेल तर मोजतात. ‘ओळख-उड्डाण’ म्हणून घेतलेला धडाही असाच. म्हणून त्याच दिवशी लॉगबुक घ्या आणि सही घेतल्याशिवाय निघू नका. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खाजगी परवान्यासाठी किमान ४० तास आणि १७ वर्षं वय लागतं, व्यावसायिक परवान्यासाठी १८ वर्षं आणि २०० तास. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात तासांची सूट मिळते. अमेरिकेत व्यावसायिक परवान्याला साधारणपणे २५० तास लागतात. ४० हा किमान आकडा आहे, बहुतेकांना जास्तच लागतात. घरच्या कॉम्प्युटरवर खेळलेले तास कुठेच धरत नाहीत.

१२. इन्स्ट्रक्टर ख्रिस्तीच असावा का? कॉकपिटमध्ये प्रार्थना केली तर चालेल?

इन्स्ट्रक्टर चांगला असावा, संयमी असावा आणि नियमांत तडजोड न करणारा असावा. विश्वास न ठेवणाऱ्या माणसाकडूनही उड्डाण उत्तम शिकता येतं, आणि तुम्ही नम्रपणे शिकत असाल तर तीही साक्षच आहे. मिशनच्या शाळांत उड्डाणाआधी इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थी मिळून प्रार्थना करतात. ती इंजिन सुरू करण्याआधी करावी. इंजिन सुरू झाल्यापासून सुरक्षित उंची गाठेपर्यंत, आणि उतरताना, उड्डाणाशी संबंध नसलेलं काहीही बोलू नये. प्रार्थना झाली म्हणून चेकलिस्टची एकही ओळ गाळायची नाही. तोंडपाठ असली तरी ती वाचूनच करायची.

१३. धडा हवामानामुळे रद्द झाला, दोनदा झाला. हा देवाचा इशारा समजायचा का?

ढग खाली होते किंवा वारा आडवा होता, म्हणून धडा रद्द झाला. त्यात यापेक्षा जास्त काही शोधू नका. उलट रद्द करणारा इन्स्ट्रक्टर भरवशाचा आहे. डोंगरातल्या कित्येक पट्ट्या उतारावर असतात: चढाच्या दिशेने उतरायचं आणि उताराच्या दिशेने उडायचं. काही ठिकाणी ठरावीक बिंदूच्या पुढे गेल्यावर परत वर जाणं शक्यच नसतं. तिथे उतरायचं की नाही हा निर्णय त्या बिंदूच्या आधी घ्यावा लागतो, खाली रुग्ण वाट पाहत असला तरीही. आज न उडण्याचा निर्णय शांतपणे स्वीकारता आला, तर त्या बिंदूवर परत फिरणंही जमेल.

१४. धडा मला आवडला नाही. माझं पाचारण चुकलं का? आणि फारच आवडला, तर तो देवाचा आवाज की माझाच?

सगळ्यात जास्त आणि सगळ्यात जड मनाने येणारा प्रश्न हाच आहे. एका धड्यावरून पाचारण ठरत नाही, दोन्ही बाजूंनी. पहिल्या दिवशी ज्यांचे हातपाय गोंधळले, ज्यांना घाम फुटला, त्यांच्यातले पुष्कळ जण पुढे उत्तम पायलट होतात. आणि ज्यांना पहिल्याच तासात स्वर्ग दोन बोटं उरला, त्यांना पुढे कळतं की या सेवेत ओल्या गवतावर झोपून इंजिनाचे नट आवळणं आणि मालाची कागदपत्रं भरणंही बरंच असतं.

आनंद झाला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. हातातलं काम आवडणं ही देणगीच आहे. पण उड्डाणाची ओढ आणि सेवेची ओढ वेगवेगळी तपासा. स्वतःला एक सरळ प्रश्न विचारा: विमान नसतं तरी या लोकांसाठी काम करायला मी गेलो असतो का? उत्तर नाही आलं तर विमानचालन हा चांगला व्यवसाय आहे, तो प्रामाणिकपणे करा, फक्त त्याला मिशन म्हणू नका. उत्तर हो आलं तर आणखी काही धडे घ्या आणि ज्यांनी तुम्हाला जवळून पाहिलंय अशा पाळकाशी आणि इन्स्ट्रक्टरशी बोला. इन्स्ट्रक्टरला एवढंच विचारा: मी सूचना ऐकतो का, आणि चूक दाखवल्यावर सुधारतो का? पहिल्या दिवशीच्या हातांच्या कौशल्यापेक्षा या दोन उत्तरांना जास्त किंमत आहे.

१५. आधी बायबलचा अभ्यास, आधी पायलट, की आधी मेकॅनिक?

पायलट आणि मेकॅनिक दोन्ही असलेल्या माणसाची किंमत मिशनमध्ये मोठी असते, कारण दुर्गम तळावर बिघाड झाला तर शेजारी गॅरेज नसतं. अमेरिकेत कामाच्या अनुभवावर मेकॅनिकच्या परवान्याची परीक्षा द्यायची असेल तर एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) दोन्हींसाठी ३० महिन्यांचा अनुभव लागतो. शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटने १९४६ पासून बायबल आणि विमानविद्या एकत्र शिकवायची वाट घातली. टेक्ससमधल्या लटर्नो विद्यापीठातही मिशनच्या दृष्टीने विमानविद्या शिकवतात. तुम्ही आधीच बायबल कॉलेजात असाल तर ते अर्धवट सोडू नका. सुट्टीत पहिला धडा घ्या, मेडिकल करा आणि मग पुढच्या वर्षांचा क्रम ठरवा.

१६. मुली मिशन पायलट होऊ शकतात का?

एमएएफचं पहिलंच उड्डाण एका स्त्रीने केलं. बेटी ग्रीन हे तिचं नाव. युद्धकाळात ती अमेरिकेच्या महिला वैमानिक दलात होती, आणि १९४६ मध्ये बायबल भाषांतरकारांना घेऊन तिने मेक्सिकोला विमान नेलं. पुढे पेरू, नायजेरिया, सुदान आणि न्यू गिनीतही ती उडत राहिली. उंची कमी असल्यामुळे पेडलपर्यंत पाय पोचत नसतील तर पाठीमागे आणि खाली उशी घेता येते. हे मुलांनाही लागू आहे.

१७. मंडळीने दिलेल्या देणगीतून धडा घेतला तर चालेल?

ज्या कामासाठी पैसे दिलेत त्याच कामासाठी ते वापरायचे. पहिला धडा स्वतःच्या कमाईतून घ्या. पूर्ण प्रशिक्षण महाग असतं, आणि शिक्षणाचं मोठं कर्ज डोक्यावर असताना मिशनच्या मानधनात ते फेडणं कठीण जातं. म्हणून आधी संस्थेशी बोला. बऱ्याच मिशनसंस्थांत कार्यकर्त्याला स्वतःच पाठिंबा देणाऱ्या मंडळ्या आणि माणसं उभी करावी लागतात.

१८. मी अमेरिकेचा नागरिक नाही. तिथे फिरायला गेलो असताना धडा घेता येईल?

एखादं ओळख-उड्डाण घेता येतं. परवान्यासाठीचं प्रशिक्षण सुरू करायचं असेल तर आधी टीएसएची, म्हणजे तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेची, सुरक्षा मंजुरी लागते आणि पूर्ण अभ्यासक्रमासाठी विद्यार्थी व्हिसा लागतो, पर्यटक व्हिसा चालत नाही. आधी शाळा ठरवा, कागदपत्रं तिच्याकडूनच समजून घ्या. परवान्यासाठी इंग्रजी वाचता, बोलता आणि समजता यावं लागतं, आणि रेडिओवरचं इंग्रजी वेगळंच वाटतं. ते कानावर पडेल तितकं चांगलं.

१९. मला पायलट व्हायचं नाही. मी डॉक्टर किंवा भाषांतरकार म्हणून जाणार आहे. तरी एक धडा घ्यावा का?

जरूर घ्या. ज्यांना पुढची कित्येक वर्षं लहान विमानातून ये-जा करायची आहे, त्यांना या एका तासाचा फार उपयोग होतो. पायलट ढगांकडे बघून का थांबला, शेवटच्या क्षणी औषधांचा एक खोका का उतरवला, टेकऑफच्या वेळी बोलू नका असं का म्हणाला, हे सांगावं लागत नाही. तुम्ही रुग्णासाठी अडून बसाल तेव्हा पायलटवर येणारा दबावही तुम्हाला कळेल. त्यासाठी मेडिकल वगैरे काही नको. धडा ठरवताना इन्स्ट्रक्टरला उद्देश सांगा आणि तीन गोष्टी मुद्दाम शिकून घ्या: दार आतून कसं उघडतं, अग्निशामक कुठे असतो, आणि फिरत्या प्रोपेलरपासून दूर राहून मागच्या बाजूने विमानाजवळ कसं यायचं.